दोनशेच्या वरचा पाऊस

नाही, पुराचा नकाशा माझाच आहे, मी कुठे नाकारलं — पण ‘नदीकाठचं इस्पितळ बुडणार का’ असा मथळा आधीच ठरवून आला असाल, पत्रकारसाहेब, तर चहा घ्या आणि निघा. काय? बनतो कसा? अहो, सगळ्या जगाचं हवामान सांगणारी ती मोठी गणितं — त्यांची एक चौकट शंभर किलोमीटरची, तिच्यात डोंगर, नदी, आपलं गाव, सगळ्यांना मिळून पाऊस एकच. मग आम्ही तिचे तीन-तीन किलोमीटरचे तुकडे पाडतो, आणि आजवर इथे पडलेल्या पावसाच्या नोंदी दाखवून गणिताला शिकवतो — बघ, या गावात असा पडतो. नोंदी कोणाच्या? लिहा की — माझ्या वडिलांच्या. तुमच्या हातातली वही त्यांचीच. चाळीस वर्षं, एका दिवसाचा खाडा नाही. भिंतीवरचं मानपत्र त्याचंच. हळू बोला, आतल्या खोलीत झोपलेत.

दोनशे? हो, वहीत अकरा दिवशी दोनशेच मिलिमीटर, ना एक कमी ना एक जास्त — नजर बरी आहे तुमची. पाऊस मोजायची बाटलीच तेवढी होती हो. भरली की वरून वाहायची. मी छत्री धरून उभी असायचे ना, सात-आठ वर्षांची. म्हटलं, बाबा, सांडलं त्याचं काय? म्हणाले, मोजलं नाही ते लिहायचं नाही. खोटं नाही लिहिलं त्यांनी, कधीच नाही — पण गणित काय शिकलं? इथे दोनशेच्या वर पडतच नाही. पुढच्या काळातल्या एका दिवसाच्या पावसाचा अंदाज येत होता तीनशे चाळीस, आम्ही तो या नोंदींना धरून दाबून दोनशे दहावर बसवला, त्यावरून इस्पितळाचं जोतं ठरलं, ऑक्सिजनची यंत्रं तळघरात गेली, आणि पुढच्या महिन्यात ते उघडतंय —

मला कळलं केव्हा? पडद्यावर ते अकरा आकडे ओळीने आले तेव्हाच. छत्रीच आठवली. ‘नोंदी सदोष’ एवढे दोन शब्द टाकायचे होते, त्यांच्या नावासमोर. नाही टाकले. हे लिहू नका. म्हणजे — लिहिलंत?

आले हं, बाबा. कोणी नाही, पाहुणे आहेत. — त्यांना उठवून बसवायला मला दहा मिनिटं लागतात. वही टेबलावर ठेवा, नाहीतर... मी काही बघणार नाही. बाहेर येईन तेव्हा तुम्ही इथे नसावं. दार ओढून घ्या.