टॅपेट कुणी ऐकायचा

(अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळचं गॅरेज. गौस मिस्त्री, त्यांची मुलगी महेजबीन आणि गिऱ्हाईक यशपाल. मधे उघडलेलं बुलेटचं इंजिन.)

यशपाल : चाचा, तिसऱ्यांदा सांगतो. मोठ्या लिफ्टचा कॅम आणलाय, त्योच घाला की. व्हॉल्व्ह जास्त उघडंल. करमाळ्याची रेस आठ दिवसावर आलीय.

गौस : आन कॅम-व्हॉल्व्हच्या मधल्या ह्या हायड्रॉलिक टॅपेटचं काय? ऑइल भरून त्ये आपली फट आपणच भरतंय. गाडी लई ताणली की फुगतंय, मग व्हॉल्व्ह बसतच न्हाय. बारका कॅम घाल, गप पळव.

महेजबीन : मग सॉलिड टॅपेट टाकू, अब्बा. फट हातानं लावायची. त्या गिऱ्हाईकाला, सरफराजला, तुम्हीच लावून दिलेत.

गौस : त्येचं नाव काढू नको. दमलोय मी.

यशपाल : चहा सांगून येतो. तवर ठरवा बापलेक.

महेजबीन : गेला तो. अब्बा, सरफराजचा टॅपेट सैल राहिला होता. खडखड मला रस्त्यावरून ऐकू आली. तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला लावून ‘झकास’ म्हणालात.

गौस : (फडक्यानं हात पुसत) मला न्हाय आली ती खडखड.

महेजबीन : कधीपासून?

गौस : उजवा कान गेल्या सालच्या रमजानच्या आधीच गेला. डावा निम्मा हाय.

महेजबीन : आणि म्हणून यशपालला बारका कॅम?

गौस : सॉलिडची फट मी ऐकूनच लावायचो. हायड्रॉलिकला कान लागत न्हाय गं. पुशरॉड, व्हॉल्व्ह उचलायचा दांडा, बोटानं फिरवायचा, अडला की अर्धा आटा आवळायचा. बोटं अजून माझीच हायत.

महेजबीन : पण तो हरेल.

गौस : हरंल. लाज वाटती मला. पर मिस्त्री बहिरा झाला म्हनलं की हितं कोन गाडी लावंल?

महेजबीन : माझ्याकडे फीलर गेज आहे. पत्ती घालून फट मोजायची. कान नको.

गौस : चाळीस वर्सं पत्ती वापरणाऱ्याला हसलो मी.

महेजबीन : हसलात. आता मी लावते, तुम्ही नट आवळा.

यशपाल : चहा येतोय. काय ठरलं, चाचा?

गौस : मोठा कॅम. सॉलिड टॅपेट. फट महेजबीन लावंल.

यशपाल : आन तुमी?

गौस : मला ऐकू येत न्हाय, यशपाल. गाडी दुसरीकडं न्यायची तर ने.

यशपाल : ठावं हाय, चाचा. वरीस झालं, मी तुमच्या डाव्या अंगालाच उभा ऱ्हातो की.