दस्तीची साखळी

पुंडलिकराव : ...म्हणजे आपला संघ हुतूतू हारून राह्यला, अन् तू रेषेबाहेर मांडी घालून बसलेला. त्यासाठी घेतलं होतं का तुले, देवराव?

देवराव : बाद झालतो मालक. बाद झालेला गडी बाहेरच बसते.

पुंडलिकराव : बाद तं पुसदवाल्यायचा लालसिंगही झाला. पण घडीभरात पुन्हा मैदानात. तू काहून नाही आला?

देवराव : त्याले त्याच्या गड्यायनं उठवलं. आपण त्यायचा एक धरला का आपला एक उठते. पुसदवाले धरत होते. आपल्याइकडं कोणी धरतच नव्हतं.

घनश्याम : नव्हतं कसं? मी कप्तान हावो, मी होतो. माहे दोन मावसभाऊ होते. भागीरथा मावशीचे जावई होते.

देवराव : होते ना. लालसिंग चढाईले आला का जावई बाजूले सरत. नव्या चड्डीले माती लागन म्हून.

पुंडलिकराव : घरच्यायले घ्याच लागते बापू. आपलं कापसाचं जिन सोयऱ्यायच्या भागीदारीत चालते. पण मी तुलेही घेतलं. दिग्रसचे लोक म्हणत, वस्तीतला पोरगा कायले? मी म्हणलं, मी भेद मानत नाही. पंधरा ऑगस्टच्या भाषणात म्हणलं.

देवराव : ऐकलं मालक. टाळ्याही वाजवल्या.

पुंडलिकराव : तुह्यासारखा चढाईवाला जिल्ह्यात नाही, हे मीच पारखलं.

देवराव : चढाईले एकट्यानं जा लागते, एकट्यानं वापस या लागते. कोणाचा हात धरा लागत नाही. म्हून मी चाललो. पकडीले साखळी करा लागते, हातात हात घालून. म्हून उकंडा नाही चालला, डोमाजी नाही चालला.

पुंडलिकराव : ते कुठून आले मंधात?

देवराव : तुमी माहा खेळ पाहाले वस्तीत आलते, तवा ते दोघं पकडीले मैदानाच्या कोपऱ्यावर उभे होते. मी बाद झालो का तिकडून येणाऱ्याले लोळवत अन् मले उठवत. मी कवा बसूनच राह्यलो नाही. तुमी मले उचललं, अन् उठवणाऱ्यायले तठीच ठेवलं.

पुंडलिकराव : पुसदच्या सामन्यात उकंड्याले घेतलं ना पण? मी स्वतः सांगतलं होतं घन्याले.

देवराव : घेतलं. कसं घेतलं ते भाऊले विचारा.

पुंडलिकराव : कसं रे?

घनश्याम : कसं म्हणजे काय. साखळीत उभा केला. माह्या बाजूले.

देवराव : मंधात दस्ती.

पुंडलिकराव : दस्ती? खेळात हातरुमाल कायले?

घनश्याम : काका, आईचा सोभाव तुमाले माहीत हाय. त्याचा हात धरला तं आंघोळ केल्याबिगर चुलीकडं येऊ नको म्हणते. मंग दस्तीचं एक टोक त्याले देल्लं, एक मी धरलं.

देवराव : भाऊ, हुतूतू खेळल्यावर सारेच आंघोळ करतात.

घनश्याम : ते आंघोळ येगळी.

देवराव : आमी नागपूरले जाऊन बौद्ध झालो त्याले दोन वर्सं होऊन राह्यले मालक. पण भाऊच्या दस्तीले अजून कोणी सांगतलं नाही.

पुंडलिकराव : सामन्याचं बोल. मंग काय झालं?

देवराव : उकंड्याचा एक हात लालसिंगच्या घोट्याले, दुसरा दस्तीले. भाऊनं वढलं. दस्ती भाऊच्या हाती आली, अन् लालसिंग उकंड्याले फरफटत घेऊन रेषेपार गेला. तो सापडला असता तं मी उठलो असतो.

पुंडलिकराव : अन् पंच?

घनश्याम : हासला.

पुंडलिकराव : जाऊ दे, झालं गेलं. आयतवारी यवतमाळची ढाल हाय. कापसाचे सारे व्यापारी पाहाले येतीन, मले ते ढाल पायजे. म्या उपाय काढला. दस्ती आखूड पडते, गुळगुळीत असते. आपण शेला घेऊ. चांगला दुहेरी. उकंडाही राहीन अन् वहिनीही राजी.

घनश्याम : शेला चालन काका.

देवराव : चालन. पण मी नसन त्यात. वस्तीनं आपला संघ काढला. उकंडा, डोमाजी हायत, तांड्यावरचा खेमसिंगही आला. नाव देल्लं यवतमाळले.

पुंडलिकराव : असं. अन् जिनातलं काम कोणाच्या शब्दानं लागलं तुले?

देवराव : तुमच्या.

पुंडलिकराव : मंग उद्यापासून येऊ नको.

देवराव : बरं. घरी सांगूनच आलो. घरवाली इंदू म्हणे, काम दुसरं पाहू, पण तुमाले बाहेर बसलेलं पाहवत नाही. मलेही लाज वाटे मालक. धडधाकट माणूस, कोणी उठवन म्हून वाट पाहत बसलेला.

पुंडलिकराव : कोण ओळखते रे तुमच्या संघाले? एक नाव सांग त्यातलं लोकायले ठाऊक असलेलं.

देवराव : पकडवाले आमच्याइथं पहिलेपासून होते. चढाईवाला तेवढा तुमी नेलता.

पुंडलिकराव : बरं, बरं. पहिला सामना कोणाशी हाय?

देवराव : काल चिठ्ठ्या निघाल्या. तुमच्याशीच हाय.

(घनश्याम हातातली दस्ती खिशात घालतो.)

पुंडलिकराव : घन्या, ऐकलं काय? हा चढाईले येईन आपल्यावर. ह्याले धरन कोण?

घनश्याम : जावई...

पुंडलिकराव : जावयाचं नाव घेऊ नको. कोपऱ्यावर तू राह्यतं. तुलेच धरा लागन.

घनश्याम : पण काका, ह्याले धराचं म्हणजे कवटाळाच लागते. कंबरेले.

देवराव : येतो मालक. भाऊ, घरी आजच सांगून ठेवजा. आयतवारी पाणी जरा जास्त तापवा लागन.