आप्पांच्या सायकलचा नवा चिमटा

म्हाताऱ्यांच्या हट्टाचं कौतुक मला सांगू नका, मी तो भोगलाय. पॉलिटेक्निकला जायला मला घेतलेली गिअरची माउंटन सायकल मी शिक्षण सोडल्यावर आप्पा चालवायला लागले. कुंभकोणमहून साक्कोट्टैला शाळेत शिकवायला जायचे, आणि खड्ड्यांनी त्यांची मनगटं सुजायची. म्हणून मी मद्रासहून पुढचं चाक धरणारा, धक्के खाणारा स्प्रिंगवाला चिमटा आणला आणि स्वतः बसवला. जुना भंगारात दिला.

"कसा आहे?" मी रोज संध्याकाळी विचारायचो.

"बरा आहे." एवढंच. जन्मात कुणाला चांगलं म्हटलं नाही, मला काय म्हणणार! सकाळी मी उठायच्या आत निघून जायचे.

महिन्याभरानं एकदा साक्कोट्टैच्या बसमध्ये होतो. शेजारी बसलेला ओळखीचा माणूस खिडकीतून बोट दाखवून म्हणाला, "ते तुझे वडील ना? रोज सायकल हातात धरून चालत जातात. पंक्चर तरी काढून दे की!"

मी बस थांबवून उतरलो.

"आप्पा, चालताय कशाला?"

"नवा चिमटा उंच आहे, त्यानं दांडा वर आला. गुडघा वाकत नाही माझा, पाय पलीकडे जात नाही."

"मग महिनाभर तोंड शिवलं होतं का?"

घाम पुसत ते म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा एक काम पुरं केलंस. त्यात चूक कशाला काढू?"

जन्मभर माझ्या चुकाच काढल्या या माणसानं. ही एकच काढायला हवी होती.