बाबांचा डग्गा

अगं, आमच्या लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घरातली गंमत ऐक. नागपूरहून सासरे आले होते, तर माझ्या नवऱ्यानं, समीरनं, हौसेनं त्यांच्याच तरुणपणच्या तबल्याची कॅसेट लावली.

बाबा म्हणाले, "डाव्या हाताचा डग्गा कुठे गेला रे?"

समीरचा चेहराच पडला! "बाबा, कॅसेटचा आवाज पुढे पाठवणारा नवा प्रीअँप आणि स्पीकर वाजवणारा जुना पॉवर अँप जुळत नाहीत. पॉवर अँपचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला त्याचा अडथळा, फार कमी आहे, म्हणून बेस दबतो."

शनिवारी पठ्ठ्या ईलिंगच्या दुकानात जाऊन जास्त इम्पिडन्सचा पॉवर अँप घेऊन आला. आता डग्गा असा घुमला, की खिडक्या थरथरल्या.

बाबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि हळूच म्हणाले, "समीर, जुनाच जोड बाळा. त्याच्यावर माझा डावा हात चुकत नव्हता."