पडद्यावर दिसलं होतं

आमचं घर मनोरपासून आत, डोंगराकडंला. पावसावरची नागली नि थोडा भात, तो संपला का आईबा वीटभट्टीवर जायचे नि आमी बहिणी आश्रमशाळेत. तिथून बारावी झाले, ऑपरेशन थेटरातल्या टेक्निशियनचा कोर्स केला, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात लागले. आता बोईसरला ऱ्हाते, लोकलनं कामाला ये-जा करते, नवरा कंपनीत जातो. आई लोकांना सांगते, माजी वनी डॉक्टर हाय. मी किती वेळा बोलले, आई, डॉक्टर नाय गं, पण ती ऐकत नाय.

माजं काम काय ते सांगते. लिव्हर बदलायचं ऑपरेशन असतं ना, तेव्हा पेशंट झोपला का तेच्या तोंडातून अन्ननळीत एक नळी घालतात, टोकाला बारकी सोनोग्राफी असते, नि हृदय पडद्यावर दिसतं, चारी कप्पे, उघडताना मिटताना. ती नळी धुवायची, मशीन लावायची, पडद्याजवळ बसायचं, हे माजं. बघून बोलायचं ते भूल देणाऱ्या मॅडमनी. खरा धोका नवीन लिव्हर जोडून रक्त अडवायला लावलेले चिमटे काढतात तेव्हा, अडलेलं रक्त एकदम हृदयाकडं येतं, ते हृदय झेलतंय का नाय ते तेव्हाच बघावं लागतं.

एकदा मी बोलले होते. मॅडम, उजव्या कप्प्यात कायतरी पांढरं हलतंय. तर ते औषधासाठी मानेतल्या शिरेतून घातलेल्या नळीचं टोक निघालं. सर्जन सर हसले, बोलले, नवीन हार्टवाल्या डॉक्टर आल्या वाटतं आपल्याकडं, नि सगळं थेटर हसलं. मॅडम नाय हसल्या, पण मला काय लाज वाटली, काय सांगू तुमाला. त्या दिवसापास्नं मी गप.

मंग तो पेशंट आला, मनोरचाच, तिशी-पस्तिशीचा. काविळीनं लिव्हर गेलेलं. बायको जानकी, तिनं आपल्या लिव्हरचा तुकडा दिला. आदल्या दिवशी मला वॉर्डात बघून बोलली, ताई, तुमी आमच्या बाजूच्या ना, मंग मला भ्याव नाय. आपलं माणूस आत हाय म्हणून तिला धीर आला, नि तेच मला आजपर्यंत खातंय.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी चिमटे काढले. तेचा बीपी खाली आला, मॅडम वळून औषध देत होत्या, पाठ पडद्याकडं. मी बघत होते. उजवा कप्पा फुगला, नि आत दह्याच्या कवडीसारखं कायतरी हललं. माज्या मनात आलं, नळीचंच टोक असंल, परत हसतील. असं मनात आलं नि मी गप बसले. अर्धा मिनिट असंल, जास्तही असंल. मॅडम वळल्या, बघितलं नि वरडल्या, गुठळी आहे. तवर हृदय थांबलं. छाती दाबली, औषधं दिली, लई वेळ केलं सगळ्यांनी. तो गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या, बोलल्या, वनिता, लवकर कळलं असतं तर वाचला असता का, ते मला सांगता येणार नाही. पण तू बोलायला हवं होतंस, आणि दिसेल ते बोल हे मी तुला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जानकी तेव्हा पोटाला टाके घेऊन पडलेली. माजा हात धरून विचारलं, ताई, तेला तरास झाला का? मी बोलले, नाय, तो झोपेतच होता. हे खरंच होतं, पण तेवढंच सांगितलं. ती मला दुवा द्यायला लागली. पुढं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर वालाच्या शेंगा पाठवायची, रानातले करांद्याचे कंद पाठवायची. ते शिजवून मी नवऱ्यालाच वाढायचे, आपण नाय खायचे.

गेल्या महिन्यात गेले तिच्याकडं. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, नळीचं टोक, हसणं, अर्धा मिनिट, सगळं. मंग तिनं विचारलं, दिसलं होतं ना तुमाला? मी बोलले, हो. ती बोलली, ताई, मी पोट फाडून दिलं, नि तुमाला तोंड उघडायला लाज वाटली?

उठताना मी बोलले, जड उचलू नका, पोटाला जपा. ती तोवर आत गेली होती.

आता मी दिसंल ते बोलते, कोण हसंल त्याला हसू दे. शेंगा येत नायत, ते बरोबरच हाय. तिचं लिव्हर भरून आलं असंल आता, डॉक्टर बोलतात ते परत वाढतं. तिला लई आयुष्य मिळू दे, माज्या तोंडून ते मागणं तिला नको असंल तरी.