समुद्राकाठी भरलेल्या बादल्या

मी मूळचा मुखेडकडचा, कोरडवाहू मुलखातला, आता लातूरला डाळमिलमध्ये फिटर हाय, पण माझं खरं काम विचाराल तर पाणी भरणं. हसू नका ताई. आमच्या गल्लीत नळ आला की माणूस ताटावरून उठतो, आन् पुन्हा कधी येईल ते देवालाच ठाऊक, म्हणून ड्रम, टाकी, घागरी, बादल्या, शेवटी पुरणाचं पातेलंबी काठोकाठ. दीपाची आई म्हणते, ह्यांना वाटी दिसली तरी हे नळाखाली धरतेत. खोटं न्हाई ते.

तर असल्या बापाला पोरगी झाली ती पाण्याचीच. दीपा. लहान असताना गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून सोडली, तर दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणली डबा नको. आता ती क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, पोरं तिला मॅडम म्हणतेत, मीबी कधी कधी भिऊन म्हणतो. तिनं ठरवलं अंदमानला जायचं, पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी जायचं. मी म्हणलं, बाई, तळच बघायचा तर आपली विहीर उन्हाळ्यात उघडीच पडती की.

पण काय सांगू तुम्हाला, भ्या पाण्याचं नव्हतंच. मागच्या पावसाळ्यात तिला डेंगू झाला होता. पोरगी कापसाच्या वातीसारखी झालती, आन् मी दवाखान्यात उठत-बसत होतो, काय करावं कळंना, शेवटी तिथल्या गळक्या नळाखाली बाटल्या भरत बसलो. बरी झाली, तवा डॉक्टर म्हणले, दुसऱ्यांदा झाला तर पहिल्यापेक्षा जड जाऊ शकतो, डासांपासून जपा. ते बोलणं माझ्या कानात डासावानीच गुणगुणत राहिलं. आन् अंदमान म्हणजे पाऊस, झाडी, दमट हवा. जाऊ नको म्हणायची माझी छाती न्हाई, म्हणून म्हणलं मीबी येतो. ती म्हणली, बाबा, तुम्ही तिथं काय करणार? म्हणलं, डास मारीन.

एक पिशवी निस्ती डासांची घेतली बघा. मच्छरदाणी, मलम, कॉइल, पूर्ण बाह्यांचे शर्ट, आन् ती डास मारायची बॅट. दीपानं सांगितलं, बाबा, डेंगूचा डास दिवसा चावतो, मच्छरदाणीत झोपून काम भागत न्हाई. झालं, मग मी दिवसभर तिच्या मागं. नाष्ट्याला मी बॅट घेऊन, वाळूत मी बॅट घेऊन, लोकांना वाटलं म्हाताऱ्याला बॅडमिंटन खेळायचंय, एकानं तर फूल कुठंय म्हणून विचारलं. ती म्हणली, आधी उन्हाचं क्रीम लावायचं, त्यावर डासांचं मलम, पाण्यातून वर आलं की पुसून परत लावायचं. मी म्हणलं, आण, मी लावतो. बापाचा हात तो, भिंतीला गिलावा करावा तसं थापलं, तर नावेतून पाण्यात उतरल्यावर तिच्या तोंडावरचा मास्क घसरून घसरून खाली. शिकवणारा पोऱ्या वर येऊन मला म्हणतो, अंकल, नीचे मच्छर नहीं है. सगळी नाव हसली. मी बॅट पिशवीत घातली, पण चैन म्हणून न्हाई.

आता ऐका. खोलीवर गेलो त्या पहिल्याच दिवशी मी मोरीतला नळ सोडला, तर धो धो पाणी. माझं काळीजच हाललं ताई. असं पाणी सोडून माणूस झोपतो कसा? दोन्ही बादल्या भरल्या, टब भरला, तांब्या भरला, कचऱ्याचा डबा धुऊन तोबी भरला, आन् दाराआड रांगेनं लावून ठेवलं, राखीव म्हणून. नळ काही जाईना, म्हणून त्या पाण्याला कुणी हात लावंना. मी जाता-येता बघायचो, तेवढंच समाधान.

आठवडा सरत आला. शेवटी एकदा लई खोल उतरायचं होतं, त्यासाठीच पोरगी एवढ्या लांब आलती. आदल्या दिवशी तिनं पाय धुवायला त्यातली एक बादली ओढली आन् आतून हाक मारली, बाबा, इकडं या. रागाची न्हाई, वर्गातली हाक. म्हणली, हे काय हाय? बघितलं तर पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळ करून राहिलं होतं. म्हणलं, किडे. म्हणली, डासाच्या अळ्या. तुम्ही बाहेर पहारा देऊन राहिले आन् आत पाळणाघर काढलं.

पोरीला वाचवायला आलो आन् तिच्याच उशाला डास पोसले. ती म्हणली, ओता. अन् ताई, खरं सांगतो, समोर नळ चालू, खिडकीबाहेर अख्खा समुद्र, तरी बादली तिरकी करायला माझा हात होईना. भरलेलं पाणी कधी ओतलंच न्हाई हो जन्मात. मग दीपानं माझ्या हातावर हात ठेवला आन् दोघांनी मिळून बादल्या बाहेर आणल्या, उन्हानं तापलेल्या वाळूवर सगळं ओतलं. मी डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी ती खाली गेली. मी नावेत बसून तिचे बुडबुडे बघत होतो, थांबले की उठायचो, आले की बसायचो. वर आली, मास्क काढला, म्हणली, बाबा, खाली आपल्या विहिरीसारखंच गार हाय.

आता घरी आलोय. ताप यायचा असला तर परतल्यावर दोन आठवड्यांपर्यंत येऊ शकतो म्हणे, ते दिवस अजून सरायचेत. अळ्या होऊ नयेत म्हणून आठवड्यातनं एकदा ड्रम कोरडा करायचा, आज तो वार. उरलेलं पाणी कढीपत्त्याला घालतो, आतून घासतो, उन्हात पालथा घालतो. तेवढा वेळ घरातली भांडी रिकामी असतेत आन् मला बसवत न्हाई, ह्या दारातून त्या दारात फिरतो. फिरता फिरता पोरीपाशी जातो, कपाळावर हात ठेवतो. ती वह्या तपासता तपासता म्हणते, बाबा, ताप न्हाई मला.

मी म्हणतो, ताप कोण बघतंय, आशीर्वाद देऊन राहिलो.

अन् हात जरा वेळ तसाच ठेवतो.