खिंड दिली, देसाई ओट्यावर!

घ्या, देवाचं नाव घ्या! — असं नाही हो! हे म्हणजे जेवण झाल्यावर ढेकर दिल्यासारखं झालं. पोटातून घ्या! ... हां! आता कसं गाभाऱ्यापर्यंत पोचलं.

मंडळी, आज मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. आणि खरं सांगू? त्याचं उत्तर मलाही कित्येक दिवस सापडत नव्हतं. प्रश्न असा — लढाई सुरू होते कधी? पहिला दिवस कोणता? तुम्ही म्हणाल, त्यात काय बुवा, पहिला बाण सुटला की झाली सुरू! बरं. पण तो बाण काय भात्यात आपोआप उगवला? आधी लोहार बसला असेल. त्याच्याआधी कोणीतरी लोहाराला हुकूम दिला असेल. आणि त्याच्याही आधी, ते सगळं बघून कोणीतरी गप्प राहिलं असेल! मग पहिला दिवस धरायचा कुठला? चला, शोधू या. मलाही बघायचंय सापडतो का.

ऐका तर. फार जुन्या काळची गोष्ट. तमाली नावाची नदी. तिच्या काठावर समुद्रापर्यंत तीन छत्रधारी राजे — हेमगिरीचा, सोनवटचा आणि पळशीचा. वर डोंगरापलीकडे वज्रगड. आणि डोंगर आणि नदी यांच्या मधोमध, एका खिंडीच्या तोंडाशी, एवढंसं चाफवडे! तिथं राजा नाही, छत्र नाही. एक देसाई, पाचपन्नास घरं, भाताची खाचरं. पण वज्रगडाहून खाली उतरायला वाट एकच — ती खिंड!

वज्रगडावर राज्य रणकेतूचं. हा काही जन्माचा राजा नव्हे बरं का! साधा सेनापती होता. एकदा दुष्काळ पडला, लोक घाबरले, तेव्हा हा चौकात उभा राहून म्हणाला, "सगळं माझ्यावर सोपवा, मी बघतो." लोकांनी सोपवलं! त्यानं पहिलं काम काय केलं असेल? धान्य वाटलं? छे! विहिरी खणल्या? नाव नको! त्यानं दवंडी पिटवली — यापुढे कोणी कोणाला 'का' असं विचारायचं नाही! बस्स. एवढंच. पुढचं सगळं त्याला सोपं गेलं.

मग त्यानं शेजारच्या दोन वाड्या घेतल्या. खालच्या तिघा राजांनी पत्र पाठवलं — आम्हांस अत्यंत खेद झाला. पुढच्या वर्षी लोखंडाचा डोंगर घेतला. पुन्हा पत्र — पुन्हा खेद! पत्रात खेद आणि पंगतीत श्रीखंड! तिसऱ्या वर्षी रणकेतूचा निरोप आला, "मला चाफवड्याची खिंड हवी. तेवढी दिलीत की मी आयुष्यात काही मागणार नाही."

आता इथं येतात आपले केसोपंत. केसोपंत हे हेमगिरीचे वकील. कोर्टातले नव्हेत हो, ते बघा लगेच दचकले आपले जोशी वकील! त्या काळी वकील म्हणजे राजाच्या वतीनं परक्या दरबारात जाऊन बोलणारा माणूस. तीस वर्षं हेच काम. कोणाला किती वाकून मुजरा, कोणाच्या पत्रात किती बिरुदं, कोणाचा विडा कितव्या क्रमाचा — सगळं तोंडपाठ! आणि या केसोपंतांची एकुलती एक लेक, द्वारका, दिली होती कुठं? चाफवड्याला! खुद्द देसायांची सून! आलं का ध्यानात? राजांच्या दृष्टीनं ती खिंड. पंतांच्या दृष्टीनं ते लेकीचं घर. बोलणी करायला वज्रगडाला निघताना पंतांच्या छातीत कसं धडधडत असेल, ते मुलीच्या बापांनी समजून घ्यावं.

पंत वज्रगडावर पोचले. रणकेतू मोठा गोड बोलला. "पंत, दमलात! पाणी घ्या, गूळ घ्या. अहो, मला लढाई नकोच आहे. एवढी खिंड द्या, की संपलं!"

पंत हात जोडून म्हणाले, "महाराज, डोंगर घेतलात तेव्हाही हेच म्हणाला होतात."

रणकेतू हसला. तो हसला म्हणून दरबार हसला. त्यानं हसणं थांबवलं, दरबार थांबला! पंतांना मोठं नवल वाटलं. शंभर माणसं, पण त्यांतल्या एकालाही स्वतःचं हसू नव्हतं.

परत निघाले, तर गडाच्या पायथ्याशी सुतारांचा तळ. ठक ठक ठक! पंत मूळचे चौकस. घोड्यावरून उतरले, बघतात तर — वल्ही! होडीची वल्ही! ढिगावर ढीग रचलेले! आता मला सांगा मंडळी, वज्रगड कुठं? डोंगरात. समुद्र कुठं? चाफवड्याच्या खाली, तिन्ही राज्यांच्या पार शेवटाला! मग डोंगरातल्या माणसाला वल्ही कशाला?

पंतांनी एका म्हाताऱ्या सुताराला विचारलं, "काय हो, ही वल्ही का करताय?"

म्हाताऱ्यानं रंधा थांबवला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हळूच म्हणाला, "पाहुणे, तो शब्द आमच्याकडे वापरत नाहीत. जा तुम्ही. लवकर जा."

पंतांना लख्ख कळलं! खिंड हे नुसतं दार आहे. याला समुद्रापर्यंत जायचंय. आणि दारात पहिलं घर कोणाचं? द्वारकेचं!

घोडा पळवत पंत हेमगिरीला आले. म्हणाले, "महाराज, तिघे एक व्हा. आत्ताच व्हा!" राजा चांगला होता, ऐकलं त्यानं. तिघांची बैठक ठरली, तिन्ही राज्यांच्या शिवेवरच्या देवळात. सगळी तयारी पंतांच्या हाती.

आणि मंडळी, इथं आली आपली लाडकी गोष्ट! कुठली? मानपान! हसताय काय? तुमच्या घरी लग्नं झाली नाहीत वाटतं! आमच्या या पेटीवाल्या अनंतरावांच्या लग्नात वरमावशीच्या साडीवरून मांडव दोन तास थांबला होता. विचारा त्यांना. नाही म्हणायचं धाडस नाही त्यांचं, वहिनी समोर बसल्यात!

तर बैठकीत प्रश्न निघाला — पहिलं गंध कोणाच्या कपाळी? हेमगिरीचा म्हणे, आमचं घराणं सर्वांत जुनं. सोनवटचा म्हणे, आमची फौज मोठी. पळशीचा म्हणे, देऊळ आमच्या आजोबांनी बांधलंय! एक दिवस गेला. दुसरा गेला. वर डोंगरात सुतारांची ठकठक चालूच! शेवटी तोड काढली पंतांनीच. तीन पुजारी, तीन वाट्या, तीन राजांसमोर उभे केले, आणि एक — दोन — तीन म्हणून तिघांच्या कपाळी एकाच वेळी गंध! वा रे वा! पंतांवर सगळे खूश. पंतही स्वतःवर खूश.

तेवढ्यात दारात घोड्याच्या टापा वाजल्या. धुळीनं माखलेला माणूस उतरला. चाफवड्याचे देसाई! पंतांचे व्याही! दम खात म्हणाले, "पंत, मला आत घ्या. दोन शब्द बोलायचेत."

आता ऐका, आणि माझ्याकडे बघून ऐका. द्वारकेच्या लग्नात हेच देसाई रुसले होते. पान मागे ठेवलं म्हणून जानवसघरात जाऊन बसले, आणि पंतांना पागोटं हातात घेऊन तीन वेळा विनवण्या कराव्या लागल्या, सगळ्या गावासमोर! ते आत कुठंतरी ठुसठुसत होतं. आणि नियम तर सरळच होता — छत्र असेल त्याला बैठकीवर जागा. देसायांना छत्र नाही.

पंत दारात उभे राहिले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "देसाई, रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. बैठक छत्रधाऱ्यांची. आपण ओट्यावर बसावं. निर्णय झाला की मी स्वतः येऊन कळवीन."

देसाई म्हणाले, "अहो, पण निर्णय माझ्या गावाचा आहे!"

"रिवाज आहे," पंत म्हणाले. आणि खोटं कशाला सांगू? त्या क्षणी त्यांना जरासं बरं वाटलं. जरासंच हो. तुम्हाआम्हाला वाटतं तेवढंच.

देसाई ओट्यावर बसले. आतल्या सगळ्यांचे जोडे तिथं काढलेले. त्या जोड्यांच्या रांगेत एक मनुष्य, गुडघ्यावर हात ठेवून.

आत काय झालं? दोन दिवस गंधात गेलेले, राजे कंटाळलेले, स्वयंपाकाचा वास सुटलेला! पंतांनी वल्ह्यांची हकिगत सांगितली. पोटतिडकीनं सांगितली! पळशीचा राजा म्हणाला, "मासे मारायचे असतील नदीत." सोनवटचा म्हणाला, "आणि अडवणार कोण त्या खिंडीत? चाफवड्यात आहे काय? भात! देऊन टाका खिंड, निदान आपली पोरंबाळं सुखात राहतील." हेमगिरीच्या राजानं पंतांकडे बघितलं. "पंत, खिंड अडवता येईल का हो?" पंतांना काय माहीत? ते म्हणाले, "कल्पना नाही, महाराज." आणि ज्याला कल्पना होती, तो बाहेर जोड्यांत बसलेला!

झाला ठराव. उठला शिक्का. शांतता झाली म्हणून पेढे वाटले!

पंत कागद घेऊन ओट्यावर आले. लेकीच्या सासऱ्याला वाचून दाखवलं — खिंड वज्रगडास दिली असे.

देसाई म्हणाले, "पंत, खिंड आम्ही बुजवलीय. महिनाभर सगळं गाव दगड वाहतंय. द्वारकाही वाहतेय. आता एवढी अरुंद वाट उरलीय, की आमच्या गावची माणसंच ती पावसाळ्यापर्यंत धरून ठेवतील. पावसाळ्यात तो घाट कोणाच्या बापाला उतरता येत नाही. फक्त दाणागोटा आणि थोडे तिरंदाज मागायला आलो होतो."

पंत म्हणाले, "अहो देसाई, मग हे सांगितलं का नाहीत?"

"कोणाला सांगू?" देसाई म्हणाले. "जोड्यांना?"

पंत तसेच मागे वळून धावले! आत गेले, तर पंगत बसलेली. राजा म्हणाला, "पंत, शिक्का उठला. आता शब्द फिरवला तर आपलीच शोभा!" बघा! शोभा! लेकीचं घर गेलं आणि शोभा राहिली!

देसाई चाफवड्याला परतले. ठराव मानला नाही. दाणागोटा नाही, तिरंदाज नाही, तरी गावानं खिंड नऊ दिवस धरली. नऊ दिवस! दहाव्या दिवशी देसाई पडले, त्यांचा मुलगा पडला, वाट उघडली. त्याच महिन्यात रणकेतू पळशीत शिरला. मग सोनवट. मग हेमगिरी. वल्ही तमालीच्या पाण्यात पडली आणि होड्या समुद्राला लागल्या. समुद्रापलीकडच्या बेटाचा सोनवटशी तह होता, त्याला लढाईत उतरावं लागलं. बेटाचा जो वैरी, तो रणकेतूला मिळाला. त्या वैऱ्याचे शेजारी बेटाला मिळाले. बारा वर्षं! उभी पृथ्वी पेटली मंडळी! ज्यांनी तमालीचं नाव ऐकलं नव्हतं, अशी दूरदेशीची पोरं तमालीच्या गाळात पडली. त्यांच्या आयांना कोणी सांगितलं असेल का, की हे सगळं पहिल्या गंधावरून?

द्वारका वाचली. पायी चालत माहेरी आली. कपाळ उघडं, हाताला दगडांचे घट्टे. पंत ओसरीवर होते. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. म्हणाली, "बाबा, एकच विचारते. आमचं गाव देऊन टाकलं, तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"आत," पंत म्हणाले.

"आणि मामंजी?"

तीस वर्षं बोलण्याचंच काम केलेला माणूस! पंत ओसरीच्या खांबाला धरून लहान मुलासारखे रडले. द्वारका त्यांच्याजवळ बसली, पण त्यांचे डोळे तिनं पुसले नाहीत.

सापडला का पहिला दिवस? मला वाटायचं, रणकेतूनं 'का' बंद केला तो दिवस. तो होताच! तो पापी होता, त्याचं पाप त्याच्याकडे. पण त्याला अडवायची एक वेळ आली होती. ती कोणी घालवली? दुष्टानं नव्हे हो! नियमानं वागणाऱ्या, चांगल्या, हुशार, लेकीवर जीव टाकणाऱ्या माणसानं घालवली. ज्याचं घर जाणार होतं त्यालाच त्यानं दाराबाहेर बसवलं. मला तरी पहिला दिवस तोच वाटतो. तुम्हाला दुसरा सापडला तर सांगा, मी शिकेन.

आता आरती. थांबा, थांबा! घंटा राहू द्या जरा. मी परगावचा माणूस, मला इथलं फारसं ठाऊक नाही. पण दुपारी जेवताना कानावर आलं — खालच्या वाडीचं तळं त्या कारखानदाराला द्यायचं, उद्या सकाळी तुमची बैठक आहे. अशा दांडगट माणसाशी कटकट नको म्हणून. बरोबर ना? बरं, खालच्या वाडीचं कोण आहे बैठकीत?

का हो, सरपंच? खाली का बघताय?

मला इथून सगळा मांडव दिसतो. पार तिकडे, मांडवाच्या बाहेर, जोडे काढलेत तिथं, दहाबारा माणसं मघापासून उभ्यानं कीर्तन ऐकताहेत. खालच्या वाडीची ना ती? त्यांना आत घ्या. सरका, जागा करा! पुढे आणा, अगदी पुढे. ती बसली, की मग मी आरतीला हात लावीन.

मी उभा आहे. मला घाई नाही.